राज्यस्तरीय युवा नेतृत्व शिबिर आमच्या महाविद्यालयात : तयारी कोठून सुरू करावी?

ओसरी (धागाकर्ता)

नमस्कार. मी गेली आठ वर्षे राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारी म्हणून काम पाहतो. आमचे महाविद्यालय सातारा जिल्ह्यात, कराडपासून जवळच असलेल्या एका लहान गावी आहे. येत्या ९ ते १३ जानेवारी या काळात राज्यस्तरीय युवा नेतृत्व शिबिराचे यजमानपद आमच्याकडे आले आहे. छत्तीस जिल्ह्यांतून प्रत्येकी बारा, म्हणजे सहा मुली आणि सहा मुले, असे ४३२ स्वयंसेवक येतील आणि त्यांच्यासोबत ३६ संघव्यवस्थापक असतील. आमचे स्वतःचे स्वयंसेवक, आचारी, वाढपी आणि प्रशिक्षक धरले, तर रोज साधारण ५६० पाने वाढावी लागतील.

गावाजवळ दत्तक खेड्यात होणारी सात दिवसांची हिवाळी शिबिरे आम्ही नेमाने घेत आलो आहोत, पण पन्नास-साठ ओळखीच्या मुलांना शाळेच्या खोल्यांत उतरवणे आणि पाचशे अनोळखी माणसांना सामावून घेणे यांत फार अंतर आहे. गेल्या आठवड्यात संयोजन समितीची पहिली बैठक झाली. व्यासपीठावरचा पडदा कोणत्या रंगाचा असावा, उद्घाटकांच्या शेजारी कोण बसेल आणि स्मृतिचिन्हे कोणत्या आकाराची असावीत यावर दीड तास गेला. निवासव्यवस्थेचा विषय शेवटी निघाला आणि ‘वर्गखोल्यांत गाद्या टाकू’ या एका वाक्यात आटोपला. मी त्या बैठकीत गप्प बसलो, ही माझी चूक झाली असे आता वाटते.

मुलींच्या वसतिगृहात ९० जणींची सोय होते, उरलेल्या १२६ मुलींना वर्गखोल्यांतच उतरवावे लागेल. टाक्यांची क्षमता सर्व मिळून २०,००० लिटर आहे. दरडोई ६० लिटर पाणी धरले तरी रोज ३३,६०० लिटर लागते, म्हणजे १०,००० लिटरचे दोन टँकर रोजचे आले. आपल्यापैकी ज्यांनी अशी शिबिरे घेतली आहेत किंवा जे शिबिरार्थी म्हणून गेले आहेत त्यांनी कृपया अनुभव सांगावेत. विशेषतः जे बाहेरून पाहिल्यावर लक्षात येत नाही ते सांगावे.

मुक्कामी_एसटी

सर, आपली पहिली बैठक वाचून नवल वाटले नाही. नमनाला घडाभर तेल ही आपल्याकडची जुनीच रीत आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की शिबिराचे वेळापत्रक व्यासपीठाकडे पाहून आखू नये. सर्वांत लांबून येणाऱ्या मुलीच्या प्रवासाकडे पाहून ते आखावे.

तिचा प्रवास कसा असतो ते पाहा. भामरागडची मुलगी आधी आलापल्लीला येणार, तेथून बल्लारपूर किंवा चंद्रपूर गाठणार, तेथून वर्ध्याला जाणार आणि मग महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडणार. गोंदियाहून कोल्हापूरला जाणारी ही गाडी सकाळी निघते, विदर्भ, खानदेश, नगर आणि पुणे असे सारे राज्य ओलांडते आणि दुसऱ्या दिवशी कराडला पोहोचते. शिवाय कराडचे रेल्वे स्थानक शहरात नाही, ओगलेवाडीला आहे. म्हणजे घर सोडल्यापासून आपल्या दारात येईपर्यंत तिची एक रात्र, बहुधा दोन रात्री, प्रवासात गेलेल्या असतात. नंदुरबारच्या धडगावकडून येणाऱ्या मुलांचेही फारसे वेगळे नाही. अशा मुलांना उतरल्याबरोबर अंघोळही न करू देता दहाच्या उद्घाटनाला रांगेत बसवणे हा अन्याय आहे. उद्घाटन पहिल्या दिवशी सायंकाळी पाच वाजता ठेवा. पाहुण्यांना सकाळची वेळ सोयीची असते हे मला ठाऊक आहे, पण पाहुणे मोटारीने येतात.

आता आरक्षणाचे पाहू. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण १२० दिवसांऐवजी ६० दिवस आधी खुले होते. ८ जानेवारीच्या गाडीचे आरक्षण म्हणजे नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात करावे लागणार, आणि त्याच्या आगेमागे दिवाळीची सुट्टी असते. जिल्ह्यांकडून नावांच्या याद्या मात्र डिसेंबरच्या अखेरीस येतात, हा दरवर्षीचा अनुभव आहे. तेव्हा यादी ऑक्टोबरअखेर मागवा आणि उशीर करणाऱ्या जिल्ह्याला स्वतः फोन करा. एक पत्र पाठवून काम झाले असे समजू नका. नावे उशिरा ठरली की मुले सामान्य डब्यात दाराशी बसून येतात. मुलींची नावे अशा वेळी घरूनच कापली जातात आणि संघ बाराऐवजी सात जणांचा होऊन येतो.

स्थानकावरून महाविद्यालयापर्यंत आणण्यासाठी एसटीची गाडी प्रासंगिक करारावर घ्यावी. रिक्षांवर विसंबू नये. आगाराकडे अर्ज लवकर द्या, कारण जानेवारीत शाळांच्या सहली जोरात असतात. ज्या मुली एसटीने येतील त्यांना मार्च २०२३ पासून तिकिटात निम्मी सवलत आहे, हे त्यांच्या प्रवासखर्चाच्या हिशेबात आधीच धरा, नाहीतर परताव्याच्या वेळी वाद होतात. परतीची महाराष्ट्र एक्स्प्रेस कोल्हापूरहून दुपारी सुटते, म्हणून १३ तारखेचा समारोप जेवणाआधी संपलाच पाहिजे. समारोपाची भाषणे लांबली आणि विदर्भाचे चार जिल्हे मधूनच उठून गेले, असे मी एका ठिकाणी पाहिले आहे.

आठवा_प्रहर

मी विद्यार्थिनी असताना तीन राज्यस्तरीय शिबिरांना गेले आहे. त्यांपैकी एक ‘आव्हान’ हे आपत्ती व्यवस्थापनाचे शिबिर होते. तेथे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांनी आम्हाला दोरीच्या गाठी, जखमीला उचलून नेण्याच्या पद्धती आणि बरेच काही शिकवले. ते प्रशिक्षण मला आजही उपयोगी पडते. तरीही त्या तिन्ही शिबिरांचा विषय निघाला की मला पहिल्यांदा आठवते ती दाराची कडी.

एका शिबिरात (ठिकाण सांगत नाही) आम्हा ऐंशी मुलींना विज्ञान इमारतीच्या पहिल्या मजल्यावर उतरवले होते. स्वच्छतागृहे तळमजल्यावर, इमारतीच्या मागल्या बाजूला होती. पाच दारांपैकी तिघांना आतून कडी नव्हती. एकीच्या कडीच्या जागी कोणीतरी सुतळी बांधून ठेवली होती आणि ती ओढून धरून आत बसावे लागे. मागल्या बाजूचा दिवा गेलेला होता. त्यामुळे रात्री आम्ही चौघी मिळून जात असू. एक आत, एक दाराला पाठ लावून उभी, एक बॅटरी धरून आणि एक जिन्यापाशी राखणीला. पाणी कमी प्यायचे हे दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांनीच ठरवून टाकले. तिसऱ्या दिवशी श्रमदानात दोघींना भोवळ आली, तेव्हा व्यवस्थापकांनी ‘मुली सकाळी नीट खात नाहीत’ असे निदान केले. त्याच सायंकाळी ‘महिला सक्षमीकरण’ या विषयावर अतिशय सुंदर व्याख्यान झाले.

म्हणून सर, आपण मुलींची निवासाची जागा स्वतः फिरून पाहू नका. आपल्या दोन विद्यार्थिनींना रात्री नऊ वाजता तेथे पाठवा आणि त्या सांगतील ते सर्व लिहून घ्या. मदतकार्यात २० माणसांमागे एक शौचालय असा मापदंड आंतरराष्ट्रीय पातळीवर धरला जातो. आपल्याकडे २१६ मुली आहेत म्हणजे किमान ११ शौचालये लागतील, आणि तीही नळ, बादली, कडी आणि दिवा यांसह चालू असलेली. सॅनिटरी पॅड टाकण्यासाठी झाकणाचा डबा प्रत्येक ठिकाणी ठेवा आणि तो रोज कोण रिकामा करणार याचे नाव ठरवा. वसतिगृहातल्या ९० जागा लांबून येणाऱ्या मुलींना द्या. तेथे यजमान महाविद्यालयाच्या ओळखीच्या मुली आधीच जागा धरून बसतात, हेही मी पाहिले आहे.

आणखी एक. महाविद्यालयाची अंतर्गत तक्रार समिती कागदावर असतेच, पण बाहेरून आलेल्या मुलीला तिच्या अध्यक्षांचे नाव ठाऊक नसते. शिबिराच्या ओळखपत्राच्या मागे समितीचा दूरध्वनी क्रमांक छापा आणि त्याच्याखाली रुग्णवाहिकेचा १०८ छापा. अकरावी-बारावीची जी मुले अठरा वर्षांखालील असतील त्यांच्या पालकांची संमतिपत्रे संघव्यवस्थापकांकडून मूळ प्रतीत घ्या. मात्र सर्वांच्या आधार कार्डांच्या छायाप्रतींचे गठ्ठे जमा करू नका. गेल्या खेपेला असा एक गठ्ठा समारोपानंतर मंडपात भजी बांधण्यासाठी वापरलेला मी पाहिला, आणि त्यात माझीच छायाप्रत होती.

सभामंडप

वरचे दोन्ही प्रतिसाद मोलाचे आहेत, पण व्यासपीठाची एवढी हेटाळणी मला पटत नाही. मी एका शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात बरीच वर्षे काढली आहेत. शासनाकडून वा विद्यापीठाकडून येणारे अनुदान अशा शिबिराला पुरत नाही आणि पुष्कळदा ते शिबिर संपल्यावर हाती पडते. मधल्या काळात किराणा, मंडप आणि टँकर यांचे पैसे कोण देते? गावातला दूध संघ, पतसंस्था, साखर कारखाना आणि माजी विद्यार्थी देतात. त्यांना दोन मिनिटे मान द्यावा लागतो. त्यांना व्यासपीठावर बसवले नाही तर पुढच्या वेळी ते फोनही उचलणार नाहीत. पाहुणे आणि मुली यांत निवड करावी लागते असे भासवू नये, दोन्ही करता येते.

माझी सूचना अशी आहे की देणगीदारांना रोख रक्कम न मागता वस्तू मागाव्यात. पतसंस्थेने गाद्या-चादरींचे भाडे द्यावे, दूध संघाने पाच दिवसांचे दूध द्यावे. असे केले की व्यासपीठावर नाव घेतानाही काहीतरी ठोस सांगता येते आणि हिशेबाची कटकट कमी होते. ध्वनिक्षेपकाची परवानगी पोलीस ठाण्यातून आधी घ्या. शैक्षणिक संस्थेभोवतीचा शंभर मीटरचा परिसर हा शांतता क्षेत्रात मोडतो आणि रात्री दहानंतर बंधन आहेच, त्यामुळे सांस्कृतिक कार्यक्रम बंद सभागृहात ठेवणे श्रेयस्कर.

ओसरी (धागाकर्ता)

आपणा तिघांचेही आभार. सभामंडप यांचा मुद्दा मान्य आहे. उद्घाटन सायंकाळी ठेवले तर पाहुण्यांनाही शेतीची आणि कार्यालयाची कामे आटोपून येता येईल, असे मी प्राचार्यांना सुचवले आहे. आठवा_प्रहर ताई, आपला प्रतिसाद मी समितीत वाचून दाखवला. सुतळीच्या वाक्याला कोणीच काही बोलले नाही.

पंगत

जेवणाबद्दल अजून कोणी लिहिलेले दिसत नाही, म्हणून लिहितो. ५६० पानांना सकाळच्या नाश्त्याचे पोहे माणशी ८० ग्रॅम धरले तर ४५ किलो लागतात. एका जेवणाला तांदूळ माणशी १०० ग्रॅम, म्हणजे ५६ किलो. माणशी तीन चपात्या धरल्या तर १,६८० होतात. सराईत बाई तासाला साठेक चपात्या लाटून भाजते. तेव्हा बारा जणी लावल्या तरी एका जेवणाला सव्वादोन तासांहून अधिक वेळ जातो. गावातल्या दोन-तीन बचत गटांना हे काम वाटून द्यावे, आचाऱ्यावर सोडू नये. आचारी ‘होईल साहेब’ म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी तेलकट पुऱ्या वाढतो.

कोकणातील मुलांना दोन्ही वेळा भात लागतो, मराठवाड्यातील मुलांना ज्वारीची भाकरी नसली की पोट भरल्यासारखे वाटत नाही, आणि पश्चिम महाराष्ट्राचा आचारी सर्वांना एकाच तिखटात बुडवतो. रस्सा मध्यम ठेवा आणि ठेचा वेगळा वाढा, म्हणजे तंटा उरत नाही. ताट वाढून घेण्याची रांग लावली तर पाचशे माणसांना दीड तास लागतो. पंगती बसवल्या आणि मुलांनीच आळीपाळीने वाढले तर पाऊण तासात आटोपते. शिवाय कोकणचा मुलगा लातूरच्या मुलीला वाढतो, तेव्हा ओळखही आपोआप होते.

१३ जानेवारीला भोगी आहे. त्या दिवशी मुले घरापासून दूर असणार, म्हणून भोगीची मिसळीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी जरूर करा. प्रत्येकाला आख्खी भाकरी शक्य नाही, अर्धी द्या. मात्र लांब जाणाऱ्या संघांसाठी तिळाच्या भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी वेगळी बांधून ठेवा. ही शिदोरी दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकते. वरण-भाताची पाकिटे दौंडपर्यंतच आंबतात.

पाटीपेन्सिल

निवास, प्रवास आणि भोजन यांवर उत्तम चर्चा झाली. आता त्या पाच दिवसांत काय करायचे यावरही थोडे बोलू, कारण शिबिराच्या नावात ‘नेतृत्व’ हा शब्द आहे.

अशा शिबिरांत नेतृत्वाची ओळख भाषणावरून होते, हा माझा मुख्य आक्षेप आहे. पहिल्या गटचर्चेत पुणे, मुंबई आणि नागपूरचे चार जण बोलतात आणि समारोपाच्या मनोगतासाठी त्यांनाच उभे केले जाते. धडगावचा पावरी बोलणारा मुलगा किंवा भामरागडची माडिया बोलणारी मुलगी प्रमाण मराठीत वाक्य जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. मी गटप्रमुख असताना एक साधा नियम केला होता. प्रत्येकाने आपल्या गावातील एक अडचण आपल्या बोलीत सांगायची आणि शेजारच्याने ती मराठीत सांगायची. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी आणि पावरी या चारही बोली त्या दिवशी गटात ऐकू आल्या. पावरी बोलणाऱ्या मुलाने हातपंपाचे हँडल कसे निखळते ते दाखवण्यासाठी बाकावरची पट्टी उचलली. तोवर त्याच्या शेजारी बसलेल्या मुलाला त्याचे नावही ठाऊक नव्हते.

दुसरे असे की आपल्या मुलांना निर्णय घेण्याचा सरावच नाही. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने महाविद्यालयांतील थेट निवडणुका थांबल्या आणि गुणांच्या आधारे वर्गप्रतिनिधी नेमले जाऊ लागले. २०१६ च्या कायद्यात थेट निवडणुकीची तरतूद पुन्हा आली, पण मधल्या पिढ्या मतपेटीविनाच शिकून गेल्या. मतदानाचा हक्क १९८९ पासून अठराव्या वर्षी मिळतो, एकविसाव्या वर्षी ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येते. मग शिबिराच्या पाच दिवसांचा मुलांचा कार्यकारी गट तरी मुलांनीच गुप्त मतदानाने निवडू द्या आणि त्या गटाकडे खरे अधिकार द्या. अंघोळीच्या पाण्याची पाळी, भोजनगृहाची शिस्त आणि रोजच्या खर्चाची रक्कम त्यांच्या हाती सोपवा. चुका होतील, त्या होऊ द्याव्यात.

सभामंडप

निवडणुकीचा विषय शिबिरात आणला की पक्षांचे झेंडे मागोमाग येतात. प्राचार्य कधीच मान्य करणार नाहीत. आपण अनावश्यक वाद ओढवून घेत आहात.

पाटीपेन्सिल

पाण्याच्या पाळ्या ठरवण्यासाठी कोणता पक्ष येईल असे मला वाटत नाही. पण आपली भीती निराधार आहे असेही म्हणणार नाही, म्हणून उमेदवारीवर जिल्ह्याचे नाव नको आणि प्रचारासाठी प्रत्येकाला फक्त दोन मिनिटे द्यावीत.

आणखी एक सूचना मला अधिक महत्त्वाची वाटते. शिबिर १३ तारखेला संपेल आणि २६ जानेवारीला, म्हणजे बरोबर तेरा दिवसांनी, गावोगावी ग्रामसभा भरेल. शेवटच्या दिवशी शपथ घेण्याऐवजी प्रत्येक ग्रामीण स्वयंसेवकाने आपल्या ग्रामसभेत विचारायचा एक प्रश्न लिहून काढावा. तो प्रश्न नेमका असावा. ‘गावाचा विकास कधी होणार’ असा नको, ‘शाळेच्या टाकीची दुरुस्ती मंजूर होऊनही का थांबली’ असा हवा. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते, हे बहुतेक मुलींना ठाऊकच नसते. त्यांनी तेथे जावे. संघव्यवस्थापकांनी फेब्रुवारीत प्रत्येकाला एकच विचारावे की प्रश्न विचारलास का आणि उत्तर काय मिळाले. शहरातील मुलांनी आपल्या प्रभागातील एखाद्या सार्वजनिक स्वच्छतागृहाची पाहणी करून महापालिकेला अर्ज द्यावा.

आठवा_प्रहर

ग्रामसभेची सूचना फार आवडली. मी स्वतः पहिल्यांदा महिला सभेला गेले तेव्हा आम्ही तिघीच होतो आणि इतिवृत्तावर सह्या मात्र एकतीस होत्या. मुलींना इतिवृत्त वाचायला मागण्याचा हक्क आहे, हेही एका सत्रात शिकवा.

ओसरी (धागाकर्ता)

उशिरा लिहीत आहे, क्षमस्व. मधल्या काळात समितीच्या दोन बैठका झाल्या. उद्घाटन ९ तारखेला सायंकाळी पाचला आणि समारोप १३ तारखेला सकाळी दहाला असे ठरले आहे. प्राचार्यांनी निवडणूक हा शब्द टाळून ‘शिबिरप्रमुखांची निवड’ असा शब्द सुचवला आणि गुप्त मतदानाला संमती दिली. शब्दावरून मी वाद घातला नाही. रोजच्या खर्चाची रक्कम मुलांच्या हाती द्यायला मात्र लेखाविभागाने साफ नकार दिला आहे. पाण्याच्या पाळ्या आणि भोजनगृह तेवढे त्यांच्याकडे राहील. ग्रामसभेचे सत्र १२ तारखेला, राष्ट्रीय युवा दिनाच्या कार्यक्रमाला जोडून घेतले आहे. त्याच दिवशी जिजाऊ जयंती असल्यामुळे त्या कार्यक्रमाचे सूत्रसंचालन मुलींच्या गटाकडे आहे.

काल रात्री नऊ वाजता आमच्या दोन विद्यार्थिनी आणि महाविद्यालयाचे सुतारकाका अशा तिघांनी सर्व इमारती पाहिल्या. मुलींसाठी ठरवलेल्या १४ शौचालयांपैकी नऊंच्या कड्या बदलाव्या लागणार आहेत आणि दोन ठिकाणी दारच खालून कुजलेले आहे. मागल्या बाजूला तीन दिवे लागतील. एका विद्यार्थिनीने वहीत आणखी एक ओळ लिहून दिली, ती माझ्या डोक्यातही आली नव्हती : ‘दाराला आतून खुंटी नाही, ओढणी आणि टॉवेल कोठे ठेवायचे?’ खुंट्या आजच मागवल्या.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. जानेवारीत आमच्याकडे पहाटे चांगलीच थंडी असते आणि २१६ मुलींना सकाळी सातच्या आत गरम पाणी द्यायचे आहे. वसतिगृहाचे सौर संच पहाटे उपयोगाचे नाहीत. लाकडावरचे मोठे बंब भाड्याने देणारे कोणी कराड, सातारा किंवा सांगली भागात ठाऊक असेल, तर कृपया व्यक्तिगत निरोपातून कळवावे.

पंगत

मंगल कार्यालयांना मंडप पुरवणाऱ्यांकडे दोनशे लिटरचे बंब असतात. पौषात लग्ने नसल्यामुळे ते रिकामे पडलेले असतील, भाव पाडून मागा. लाकूड मात्र आत्ताच भरून ठेवा. ओले आले तर पहिल्या दिवशी पाण्याआधी धूर मिळेल.